हॅश टेबल भरलं की कोणाला बाहेर काढायचं?

नाशिकच्या गंगापूर रोडला राहणाऱ्या एका पोराने परवा विचारलं, "दादा, इंजिनात हॅश टेबल घातलं. जागा भरली की जुनी नोंद ठेवू की नवी?" ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या गावात बुद्धिबळ खेळणारी पोरं पुष्कळ, इंजिन लिहिणारी मोजकी. म्हणून जरा सविस्तर सांगतो. इंजिन म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, आणि हॅश टेबल म्हणजे त्याने आधी तपासलेल्या पोझिशनांची मेमरीतली वही.

किल्लीसाठी, म्हणजे पोझिशन ओळखणाऱ्या आकड्यासाठी, डोकं खाजवू नकोस. १९७० सालची झोब्रिस्टची पद्धतच घे: १२ प्रकारच्या सोंगट्या गुणिले ६४ घरं, म्हणजे ७६८ यादृच्छिक आकडे. शिवाय पाळी, कॅसलिंग आणि आँ पासाँचे वेगळे. आकडे ६४ बिटांचे ठेव.

आता खरा प्रश्न. 'नवं आलं की जुनं गेलं' हा प्रकार दोन ओळींत होतो. टेबल मोठं आणि डाव झटपट असेल तर तो पुरतोही. पण १६ बाइटची नोंद धरली तर ६४ एमबीत ४१,९४,३०४ नोंदी मावतात, आणि सेकंदाला दहा लाख नोड (शोधातल्या पोझिशन) बघणारं इंजिन त्या काही सेकंदांत भरू शकतं. मग पानांजवळची, म्हणजे शोधाच्या टोकाजवळची, एक प्लायची (एका बाजूच्या एका खेळीइतकी खोल) नोंद येते आणि बारा प्लायची मेहनत पुसून जाते.

म्हणून 'खोल असेल तीच ठेवायची' हे शहाणपणाचं वाटतं. मला नुसतं तेवढंच मुळीच पसंत नाही. प्यादं पुढे गेलं, घोडा मेला, की जुन्या कितीतरी पोझिशन पुन्हा येणंच शक्य नसतं. तरी त्या जागा अडवून बसतात, मागच्या हंगामाच्या द्राक्षपेट्यांनी शीतगृह अडवावं तशा. दर सर्चला एकने वाढणारा वयाचा आकडा नोंदीत ठेवलास, तरच हा प्रकार चालतो.

माझं मत चार नोंदींच्या बादलीला, म्हणजे एकाच जागी चार नोंदी शेजारी ठेवायला. चार गुणिले १६ म्हणजे ६४ बाइट, बहुतेक प्रोसेसरांवर बरोबर एक कॅश लाइन, म्हणजे प्रोसेसर मेमरीतून एका वेळी आणतो तेवढा तुकडा. वेळ जातो तो मेमरीतून आणायला. आणल्यावर चार किल्ल्या ताडून बघणं जवळपास फुकट. आधी शिळी नोंद काढ, शिळी नसेल तर सर्वांत उथळ. मात्र अ‍ॅरे ६४ बाइटच्या सीमेवर सुरू कर, नाहीतर एका बादलीसाठी दोन लाइन ओढाव्या लागतील.

मातेचा गुण साठवताना मुळापासूनचं, म्हणजे सर्च सुरू झाला त्या पोझिशनपासूनचं, नाही, त्या नोडपासूनचं अंतर साठव. मी हे विसरलो होतो. माझं इंजिन 'तीन खेळींत मात' म्हणत म्हणत वजीर फिरवत बसायचं.

तपासायला ही पोझिशन लाव: पांढरा राजा ए१, प्यादी ए४, डी४, डी५, एफ४, काळा राजा ए७, प्यादी ए५, डी६, एफ५. पाळी पांढऱ्याची. टेबल नीट चालत असेल तर खोली भराभर वाढेल आणि राजा बी१ वर जाईल.