चिया, जवस की सब्जा? नागपूरच्या घरासाठी कोणतं बी घ्यावं

इतवारीच्या किराणा बाजारात आता जवसाच्या शेजारी चियाची पाकिटं दिसतात, आणि ऊन तापायला लागलं की सब्जाही. तिन्ही बिया पाण्यात बुळबुळीत होतात, तिन्ही तब्येतीला चांगल्या म्हणून विकल्या जातात. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी चालेल असं वाटतं. पण तिघींची कामं वेगळी आहेत, म्हणून आपल्याला नेमकं काय हवंय ते आधी ठरवावं.

ओमेगा-३ हवं असेल तर जवस घ्या. १०० ग्रॅम जवसात सुमारे २२.८ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे बियांतलं ओमेगा-३, असतं, चियात १७.८ ग्रॅम. अमेरिकेच्या मानकाप्रमाणे पुरुषाला दिवसाला १.६ आणि स्त्रीला १.१ ग्रॅम पुरतं. म्हणजे पुरुषाची गरज ७ ग्रॅम जवसात किंवा ९ ग्रॅम चियात भागते. हे वनस्पतीतलं ओमेगा-३ आहे. माशांतून जे मिळतं त्यात शरीर याचा फार थोडा भाग बदलू शकतं, त्यामुळे मासे खाणाऱ्यांनी ते सोडून बियांवर विसंबू नये.

जवस विदर्भाचं रब्बी पीक. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्याच्या वाणांवर संशोधन चालतं, एनएल-९७ हे वाण इथलंच. चियापेक्षा ते बरंच स्वस्तही पडतं. त्याची अडचण एकच: मेहनत घ्यावी लागते. अख्खं जवस टणक सालीमुळे बहुतांशी न पचता बाहेर पडतं, म्हणून ते दळायलाच हवं. मंद आचेवर भाजा. आधी तडतडेल, तडतड मंदावली आणि खमंग वास सुटला की लगेच ताटात काढा, नाहीतर गरम कढईतच करपून कडू होतं. पूर्ण थंड झाल्यावर मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. गरम असताना किंवा सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. एका वाटी जवसाला आठ-दहा लसूण पाकळ्या, भिवापुरी मिरचीचं दोन चमचे तिखट, जिरं आणि मीठ घातलं की चटणी तयार. लसूण कोरडा होईपर्यंत भाजून घाला, कच्च्या लसणाने चटणी लवकर बिघडते. दळल्यावर तेलाला हवा लागते आणि ते खवट होतं, म्हणून दोन आठवड्यांपुरतीच करा. एप्रिल-मेमध्ये बरणी फ्रिजमध्येच ठेवा. ऑइल पेंटसारखा वास आला तर फेकून द्या; फोडणी देऊन वाचवायला जाऊ नका. भाकरीसोबत रोज दोन चमचे चटणी किंवा वांग्याच्या भाजीत जवसाचं कूट पुरेसं आहे.

चिया मूळची मेक्सिको-ग्वाटेमालाकडची. तिची खरी जमेची बाजू तंतू आणि कॅल्शियम. २० ग्रॅममध्ये, म्हणजे साधारण दोन मोठ्या चमच्यांत, सुमारे ७ ग्रॅम तंतू आणि १२५ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. तेवढ्याच जवसात साडेपाच ग्रॅम आणि ५० मिलिग्रॅम. शिवाय भाजणं-दळणं नाही. ज्यांना स्वयंपाकाला वेळ नाही, किंवा दूध-दही फारसं चालत नाही, त्यांनी चियाचे पैसे जरूर मोजावेत. घरात जवसाची चटणी रोज संपत असेल तर मात्र चिया ही गरज नाही, केवळ बदल आहे.

भिजवताना लोक भांड्यात आधी बी टाकतात आणि वरून पाणी ओततात, मग तळाला गुठळ्या होतात. आधी पाणी घ्या, त्यात बी भुरभुरवत ढवळा आणि पाच मिनिटांनी पुन्हा ढवळा. एक चमचा चियाला अर्धा कप पाणी धरलं तर अर्ध्या तासात घट्टसर गर होतो. प्यायचं असेल तर पेलाभर पाणी किंवा ताक घ्या. भिजवलेली चिया फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. मे महिन्यात ओट्यावर ठेवलेली दूध-दह्यातली चिया मात्र काही तासांतच आंबते.

सब्जा म्हणजे एका जातीच्या तुळशीचं बी. दहा-पंधरा मिनिटांत पूर्ण फुगतो, लिंबाच्या सरबतात किंवा फालुद्यात मस्त लागतो. पारा ४५ च्या वर गेल्यावर माठातल्या पाण्यात सब्जा घातला की दोन पेले जास्त पाणी पोटात जातं, हाच त्याचा मोठा फायदा. पेल्याला चमचाभरच पडतो, त्यामुळे प्रथिनं-कॅल्शियमसाठी त्याच्याकडे बघू नका.

वजनाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. २००९ च्या एका प्रयोगात वजन जास्त असलेल्या लोकांना १२ आठवडे रोज ५० ग्रॅम चिया दिली. वजन उतरलं नाही. २० ग्रॅम चियात जवळपास ९७ कॅलरी असतात, त्या जेवणावर वाढीव धरल्या तर वजन वाढेलच. रक्तदाबाचे आकडे जास्त आशादायक आहेत. २०१३ साली कॅनडात पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या रुग्णांना सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस दिलं, तेव्हा वरचा दाब सुमारे १० अंकांनी उतरला. चियाच्या २००७ च्या अभ्यासात तो सुमारे ६ अंकांनी उतरला होता, पण त्यात मधुमेहाचे रुग्ण वीसच होते. म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. रक्त पातळ करणारी, दाबाची किंवा साखरेची औषधं चालू असतील तर रोजचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि गोळी व बिया यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

कोरडी चिया चमच्याने तोंडात टाकून वर पाणी पिऊ नका. २०१४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा एका रुग्णाची नोंद मांडली होती: बी अन्ननलिकेतच फुगून अडकलं होतं. गिळायला त्रास होणाऱ्या ज्येष्ठांना ती पूर्ण भिजवूनच द्या. सुरुवात एका चमच्याने करा आणि दिवसभर पाणी भरपूर प्या. तंतू वाढले आणि पाणी तेवढंच राहिलं तर बद्धकोष्ठ कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

सुटं घेताना चिया म्हणून सब्जा गळ्यात पडू शकतो. सब्जा एकसारखा काळा आणि टोकाला निमुळता. चिया गोलसर, चकचकीत, राखाडी-काळ्या ठिपक्यांची, मधून मधून पांढरे दाणे. निव्वळ तपकिरी दाणे खूप असतील तर तो अपक्व माल समजा. शंका असेल तर चिमूटभर बी पाण्यात टाका: पाच मिनिटांत पांढुरकं कवच फुगून मधोमध काळा ठिपका दिसला तर तो सब्जा. आणि पहिल्या खेपेला पाव किलोच घ्या.