सायलेन्सर मोकळा केलेले चेनसॉ मशीन: हंगामभराच्या वापरानंतर

माझ्या ५० सीसी वर्गातल्या चेनसॉचा साखळीला तेल देणारा पंप बंद पडला, तेव्हा बेळगावच्या सर्व्हिस सेंटरने सायलेन्सर उघडल्याचे कारण सांगून वॉरंटी नाकारली. तेलपंपाचा आणि सायलेन्सरचा संबंध काय, हे कोणी सांगितले नाही. घरी पंप उघडून पाहिला, तर त्याचा प्लास्टिकचा गियर झिजलेला होता. तो मी बाजारातून आणून बसवला. सायलेन्सरबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे.

खानापूरकडच्या आमच्या रानात निलगिरी आणि वाळलेला फणस कापताना जाड बुंध्यात मशीन दबत असे. धूर मोकळा निघून जोर वाढावा म्हणून बेळगावातल्या उद्यमबागेतल्या एका कारागिराकडून मी सायलेन्सरला दुसरे भोक पाडून घेतले. मात्र उन्हाळ्यात पाचोळा पेटण्याची भीती असल्यामुळे ठिणग्या अडवणारी जाळी दोन्हीकडे ठेवली. भोकांचे एकूण क्षेत्रफळ एक्झॉस्ट पोर्टच्या (सिलिंडरमधून धूर बाहेर पडण्याच्या भोकाच्या) सुमारे ८० टक्क्यांपुढे नेले नाही. फरक पहिल्याच बुंध्यात जाणवला.

खरी डोकेदुखी आहे ती कार्बोरेटरच्या ‘एच’ स्क्रूवरची, म्हणजे पूर्ण रेसमध्ये पेट्रोल किती जावे ते ठरवणाऱ्या स्क्रूवरची, प्लास्टिकची टोपी. धूर मोकळा निघू लागला की इंजिन जास्त हवा ओढते आणि त्या मानाने पेट्रोल कमी पडते. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे ऑइल पेट्रोलमधूनच येत असल्याने उष्णता वाढते, वंगण घटते आणि पिस्टनवर ओरखडे उठतात. म्हणून ‘एच’ स्क्रू उलटा फिरवून पेट्रोल वाढवावे लागते. पण ही टोपी तो जेमतेम थोडासा फिरू देते. नखाएवढ्या या तुकड्यासाठी निर्मात्याला मी जितक्या शिव्या दिल्या, तितक्या त्या तेलपंपासाठीही दिल्या नाहीत. टोपी काढल्यावर खूण कानाने ओळखावी: हवेत पूर्ण रेस दिल्यावर आवाज किंचित फडफडता असावा आणि लाकडात साखळी टेकताच तो स्वच्छ व्हावा. हवेतच कर्कश किंचाळणारे मशीन ‘पिकअप छान’ म्हणून हातात देणाऱ्या मेकॅनिकला पैसे देऊ नयेत.

यात भर पडते ती इंधनाची. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूरला ज्याची सुरुवात झाली, त्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात मुळातच ऑक्सिजन असल्याने मिश्रण आणखी विरळ होते. आमच्याच भागातल्या उसाच्या जोरावर चालणारे हे इंधन पावसाळी हवेत पाणीही शोषते; त्यामुळे मिरगाआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत. ऑइल मी लिटरला २० मिली, म्हणजे १:५० याच प्रमाणात घालतो, कारण माझ्या मशीनच्या पुस्तिकेत तेच दिलेले आहे.

सिलिंडरखालचे पॅकिंग काढून कॉम्प्रेशन वाढवण्याचा सल्ला सुरुवातीला मी इतरांनाही देत असे. पॅकिंग काढल्यावर पिस्टन आणि सिलिंडरच्या माथ्यात किती फट उरते हे पाहण्यासाठी सोल्डरची तार प्लगच्या भोकातून घालून, पिस्टन वर फिरवून तारेची चेपलेली जाडी व्हर्नियरने मोजली. ती अर्ध्या मिलिमीटरच्या वर होती, त्यामुळे पिस्टन वर आपटण्याचा धोका नव्हता. तरीही आता तो सल्ला मी देत नाही. सिलिंडर खाली बसल्याने पोर्ट उघडण्याच्या वेळा बदलतात, दोरी ओढताना मनगटाला झटका बसतो आणि कापण्यातला फायदा नव्याने धार लावलेल्या साखळीइतकाही नसतो. मी पॅकिंग परत बसवले.

तोच कारागीर आता पोर्ट घासून मोठे करून द्यायला तयार आहे. पण सिलिंडरच्या आतला कठीण मुलामा पोर्टच्या कडेला उडाला, तर सिलिंडरच बदलावा लागेल, आणि तेवढा पैसा आमच्या रानातल्या निलगिरीच्या जळणातून निघत नाही.