मुद्रितशोधनाच्या परीक्षेची तयारी : रविवार कारंजाजवळची शिकवणी

नाशिकमध्ये राहून प्रकाशनसंस्थेतल्या किंवा वर्तमानपत्रातल्या मुद्रितशोधकाच्या, म्हणजे प्रूफरीडरच्या, जागेसाठी अर्ज करणार असाल, तर ही शिकवणी जरूर लावा. पाचपैकी साडेचार तारे देतेय. अर्धा का कापला, तेही सांगते.

पाटी कुठेच लावलेली नाही. रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीत एक जुना छापखाना आहे. खाली ऑफसेटचं मशीन चालतं आणि वरच्या खोलीत शनिवार-रविवार सकाळी वर्ग भरतो. शिकवणारे काका खिळे (अक्षरांचे सुटे ठसे) जुळवण्याच्या काळापासून या धंद्यात आहेत, पुढे त्यांनी दैनिकात रात्रपाळीला मुद्रितशोधन केलं. नाव कुठे छापू नका असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून इथे नुसतं काका. दोन महिन्यांचे ३,००० रुपये घेतात, पावती देतात, आणि एका वेळी सहा-सात जणांपेक्षा जास्त मुलं घेत नाहीत.

माझं एम.ए. मराठीतलंच. शुद्धलेखनाचे नियम मला पाठ होते. साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनानं १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत चार वाढले, असे एकूण अठरा. परीक्षेला बसणारे बहुतेक जण हे अठरा नियम घोकून जातात. ते यायला हवेतच. पण परीक्षेत नियम लिहा असं कोणी सांगत नाही. एका बाजूला मूळ मजकूर, दुसऱ्या बाजूला त्याचं प्रूफ (छपाईआधीची कच्ची प्रत), समोर घड्याळ, आणि प्रत्येक दुरुस्ती समासात ठरलेल्या खुणेनं दाखवायची. नियम येत असला तरी चूक डोळ्यांना दिसतेच असं नाही, कारण डोळा शब्दाचा आकार ओळखून पुढे पळतो. काकांची सगळी मेहनत हे पळणं थांबवण्यावर असते.

पहिले काही वर्ग त्यांनी आम्हाला जोडीनं बसवलं. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रूफ धरायचं. वाचायचं म्हणजे विरामचिन्हांसकट, वेलांट्यांसकट. ‘परीक्षा’ हा शब्द आला की ‘री दुसरी’, ‘परिस्थिती’ आला की ‘रि पहिली, स्थि पहिली, ती दुसरी’. सुरुवातीला जीभ अडखळते, पण थोड्या दिवसांत कान तयार होतो आणि एकट्यानं वाचतानाही ती वेलांटी मनातल्या मनात ऐकू येते. त्यानंतर जाड कागदाची पट्टी. ओळीखाली पट्टी धरायची, खालची ओळ दिसताच कामा नये. दुसऱ्या वाचनात परिच्छेद शेवटच्या ओळीपासून वर वाचायचा. “ताई, गोष्टीत रमू नका, अक्षरं बघा,” हे वाक्य मी तिथे सगळ्यात जास्त ऐकलं.

सरावाचे उतारे काका स्वतः तयार करतात, आणि त्यांतच त्यांची खरी हुशारी आहे. एक उतारा नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयावर होता. पहिल्या परिच्छेदात स्थापनेचं साल १८४० बरोबर छापलेलं, तिसऱ्यात तेच १८०४ झालेलं. कुसुमाग्रजांच्या छायाचित्राखालच्या ओळीत जन्मसाल १९१२ च्या जागी १९२१. मजकुरातल्या वेलांट्या सगळ्यांनी शोधल्या, छायाचित्राखालची ओळ मात्र वर्गात एकानंही तपासली नाही. मथळे, छायाचित्रांच्या ओळी, पानांचे क्रमांक, कोष्टकातल्या बेरजा या जागा आधी बघायच्या, मग मजकुराकडे वळायचं, अशी सवय त्यांनी लावली.

दुसरी शिकवण माझ्या मते याहून मोलाची आहे : कशाला हात लावायचा नाही. वकीलचं वकिलाला होतं, पण शरीरचं शरीराला, कारण तो तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द. ‘प्राणी’ची वेलांटी दुसरी असली तरी ‘प्राणिसंग्रहालय’ पहिलीच. ‘महत्त्व’ला दोन त लागतात म्हणून घाईत ‘नेतृत्व’लाही दुसरा त जोडणारे पुष्कळ असतात. हे झालं एकेका शब्दाचं. उताऱ्यात तुकोबांचा अभंग आला तर त्यातली जुनी रूपं तशीच ठेवायची. केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य मुळाप्रमाणे छापावं, असं नियमांतच म्हटलंय. कथेतली म्हातारी ‘पानी दे’ म्हणत असेल तर तिचा न तसाच राहतो. वाक्य आपल्याला आवडलं नाही म्हणून बदलायचं नाही, ते संपादकाचं काम. शंका असेल तर समासात प्रश्नचिन्ह करून लेखकाला विचारायचं. मी दिलेल्या परीक्षेत बरोबर शब्द ‘सुधारला’ तर गुण कापले जाणार होते, आणि उताऱ्यात ओवीही होती. त्या ओवीला मी लाल पेन लावलं नाही. निवड झाली, आता तिथेच काम करतेय.

खुणांचा तक्ता ते पहिल्याच दिवशी देतात : काढून टाका, जागा सोडा, जागा जोडा, उलटापालट करा, नवा परिच्छेद, आणि चुकून काढलेलं परत ठेवण्यासाठी शब्दाखाली टिंबं. तक्ता पाठ करायला फार वेळ लागत नाही, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता अर्ध्या ताऱ्याबद्दल. सगळं शिक्षण कागदावर आहे. आजच्या परीक्षांत एखादा भाग संगणकावर असू शकतो, माझ्या परीक्षेत तो होता, आणि पडद्यावरच्या चुका निराळ्या असतात. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टंकता येतं, दिसायला दोन्ही सारखीच. एका प्रकारानं शोधलं की दुसऱ्या प्रकारानं टंकलेले शब्द सापडत नाहीत, आणि दुरुस्ती पुस्तकभर अर्धवट राहते. पीडीएफवर शेरे कसे टाकायचे, दुरुस्त्यांचा माग ठेवणारी सोय कशी वापरायची, हे मला घरी बसून शिकावं लागलं. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मनापासून ऐकून घेतलं. खाली डीटीपी करणाऱ्या मुलाला महिन्यातून एक वर्ग घ्यायला सांगतो म्हणाले. त्यांनी तो खरोखर सुरू करावा, माझी कळकळीची विनंती आहे. तोवर हा भाग तुमचा तुम्हीच करून घ्या.

जिना उभा आणि अरुंद आहे, गुडघे दुखत असतील तर आधी विचार करा. मशीन सुरू असलं की आवाज येतो, पण खिडकीतून सकाळचा उजेड भरपूर आणि टेबलं मोठी.

परीक्षेची तारीख लागल्यावर धावपळ करत जाऊ नका, जाहिरात यायच्या आधीच दोन महिने हातात ठेवून नाव घाला. सोबत लाल बॉलपेन, पट्टी आणि घरी पडलेलं कुठलंही जुनं मासिक न्या. पहिल्या दिवशी त्या मासिकातल्याच एका पानाचं प्रूफ वाचायला लावतात.