आमच्या संस्थेने ‘फाइल चार्ज’ भरला, तुम्ही भरू नका

बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आमची छोटी संस्था आहे. दिवाळीच्या आगेमागे आई-बाप कोयता घेऊन कारखान्याकडे निघाले, की मुलांची शाळा सुटते. ती गावातच राहावीत, शिकावीत, एवढंच आमचं काम.

गेल्या वर्षी पैसे संपत आले असताना एका सल्लागाराचा फोन आला. “ताई, सीएसआरमधून ४० लाख बसवून देतो.” सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायचा खर्च. मुलं किती, कोणत्या गावची, जेवणाची सोय काय, हे त्याने एकदाही विचारलं नाही. मागितलं ते १२ए आणि ८०जी ही आयकर सवलतीची प्रमाणपत्रं, ऑडिट रिपोर्ट, कोरी लेटरहेड आणि माझ्या डिजिटल सहीचं टोकन. मी ते सगळं दिलं. टोकन हातात देणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणंच, हे तेव्हा सुचलं नाही.

सीएसआरचा पैसा घेण्यासाठी संस्थेला सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी करावी लागते. तिचे ‘सरकारी शुल्क’ म्हणून त्याने १५,००० घेतले. या फॉर्मला सरकारी शुल्क नाही. सीए किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) तो प्रमाणित करायची स्वतःची फी घेतात, ती वेगळी. स्वयंसेवी संस्थांसाठीच्या सरकारी दर्पण पोर्टलची नोंदणीही मोफत आहे. मग ‘फाइल चार्ज’ ३५,०००. त्याचं २२ पानी प्रपोजल मी वाचलं, तर आत ‘मच्छीमार वस्तीतील महिला’ होत्या. बीडमध्ये! कुणा दुसऱ्या संस्थेचा मजकूर होता, फक्त नाव बदललेलं. तिथेच थांबायला हवं होतं. “दुरुस्त करतो,” म्हणाला, आणि मी मान डोलावली.

महिन्याभरात एका कंपनीच्या नावाने मंजुरीचं पत्र आलं. लोगो, शिक्का, सही, सगळं होतं. पाठोपाठ सल्लागाराने ८०,००० अनामत मागितली, आणि रक्कम आली की ३० टक्के रोख परत करायची अट. आमचे खजिनदार निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, “उद्या सगळे पैसे कामावरच खर्च झाले अशा उपयोगिता प्रमाणपत्रावर खोटी सही कोण करणार? मी नाही.” त्यांनी कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर काढून थेट फोन लावला. असं पत्र कंपनीने कुणालाच दिलं नव्हतं.

२०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ ज्या कंपन्यांना लागू होतं, त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. कशावर, ते संचालक मंडळ ठरवतं. सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प कंपनीला आपल्या वेबसाइटवर टाकावे लागतात, ते आधी बघा. मधला माणूस हे ‘बसवून’ देऊ शकत नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि पोलिसांत तक्रार केली, डिजिटल सही रद्द करून घेतली. ५०,००० गेले ते गेलेच. चार महिन्यांचा किराणा होता तो.

यंदा आम्हीच तीन संध्याकाळी बसून प्रस्ताव लिहिला: ६४ मुलं, सात गावं, दर मुलामागे रोजचा जेवणखर्च, कोण आजीकडे राहतं, कोण वसतिगृहात. एका कंपनीच्या अधिकारी बाईंनी फोनवर अर्धा तास प्रश्न विचारले. पहिलाच होता, “पालक परत आल्यानंतर किती मुलं पटावर टिकली?” ते आम्ही लिहिलं नव्हतं. आता सातही शाळांची हजेरी उतरवून घेतोय.