खिडक्यांची तपासणी: नकाशावर की जागेवर?

घरांमधल्या ऊर्जाबचतीसाठीची इको निवास संहिता 2018 मध्ये आली. थंड प्रदेश सोडून इतरत्र भिंती-खिडक्यांतून शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला 15 वॅटच्या आत हवी.

कोल्हापुरात हे पाळलं जावं म्हणून नकाशा मंजुरीवेळी तपासणी सोपी. काच, छज्जा, दिशा कागदावर दिसतात, बदल फुकटात होतो.

पण कळंब्यातल्या एखाद्या पश्चिमेच्या खिडकीचा छज्जा नकाशात दोन फूट आणि प्रत्यक्षात वीतभर निघाला, तर ते जागेवरच कळणार. शिवाय दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी जेमतेम अर्धी उघडते. वायुवीजनासाठी संहिता खिडकीचा उघडणारा भागच धरते. मला तरी जागेवरची तपासणीच पटते, तीही भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत न थांबता लिंटेलच्या, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या वेळी. स्लॅब टाकून झाल्यावर छज्जा कोण वाढवणार?