आज्ञापालन स्पर्धा: कुठल्या वर्गात उतरायचं, कुठल्या बक्षिसाचा अर्थ काय?

मराठवाड्यात कुत्र्यांचं प्रदर्शन म्हटलं की आधी माळेगावची यात्रा आठवते. लोहा तालुक्यातल्या खंडोबाच्या या यात्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं, आणि लातूरकडच्या कारवानी, पश्मी या शिकारी जातींची कुत्री बघायला गर्दी लोटते. तिथं लोकांची नजर अंगलोटीवर असते: छाती किती खोल, पोट किती आत, पाय किती सरळ. आज्ञापालनाच्या स्पर्धेत यातलं काहीही मोजत नाहीत. तिथं मालक आणि कुत्रा मिळून ठरलेलं काम कसं करतात, एवढंच बघतात. म्हणून पहिला निर्णय हाच घ्यायचा, की आपल्याला कुत्र्याचं रूप दाखवायचंय की काम.

जातीच्या प्रदर्शनात नोंदणीचे कागद लागतात आणि निकाल जातीच्या मानकावर, म्हणजे त्या जातीचा कुत्रा कसा दिसावा याच्या ठरलेल्या वर्णनावर ठरतो. चॅलेंज सर्टिफिकेट (चॅम्पियनपदाकडं नेणारं प्रमाणपत्र), बेस्ट ऑफ ब्रीड (जातीतला सर्वोत्तम), बेस्ट इन शो (सगळ्या प्रदर्शनातला सर्वोत्तम) ही तिथली बक्षिसं. आज्ञापालनाचं दार जास्त रुंद आहे. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये संकरित कुत्रा, नसबंदी केलेला कुत्रा, दोघांनाही या रिंगमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या आखलेल्या मैदानात, जागा आहे. आपल्याकडं केनेल क्लब ऑफ इंडियाच्या छत्राखाली होणाऱ्या काही प्रदर्शनांबरोबर आज्ञापालनाच्या चाचण्याही ठेवतात. लातूर-नांदेडच्या माणसाला त्यासाठी बहुधा पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागतं. गाडी काढण्याआधी प्रवेशपत्रकात दोन गोष्टी बघून घ्या: नोंदणी लागते का, आणि निकाल कशावर लावणार.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जगात या खेळाच्या तीन मुख्य रीती आहेत. कुठं ठरलेले गुण गाठले की झालं, कुठं इतरांच्या तुलनेत लागणारा नंबर मोठा, आणि बक्षिसाची किंमत त्यावर ठरते.

अमेरिकेत 1933 साली हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी माउंट किस्को इथं पहिली चाचणी भरवली आणि 1936 पासून अमेरिकन केनेल क्लबनं हा खेळ आपल्या नियमांत घेतला. तिथं प्रत्येक वर्ग 200 गुणांचा. 170 गुण मिळाले आणि प्रत्येक प्रकारात (चालणं, थांबणं अशा एकेका कामात) निम्म्याहून जास्त गुण पडले, तर कुत्रा पात्र. बाजूच्याला किती मिळाले याचा पात्रतेशी संबंध नाही. असं तीन वेळा पात्र ठरलं की त्या वर्गाची पदवी कुत्र्याच्या नावाला लागते. मात्र तिन्ही वेळा एकच जज चालत नाही. ब्रिटिश रीतीत बिगिनर, नोव्हिस आणि मग ए, बी, सी अशी चढण आहे, आणि तिथं नंबराला मोठं वजन. सगळ्यात वरच्या सी वर्गात चॅम्पियनशिप शोमध्ये जिंकणाऱ्याला ऑबिडियन्स सर्टिफिकेट मिळतं, आणि तीन वेगवेगळ्या जजांकडून अशी तीन मिळाली की कुत्रा ऑबिडियन्स चॅम्पियन. युरोपातल्या एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या नियमांत प्रत्येक प्रकाराला 10 पैकी गुण देऊन त्याच्या ठरलेल्या गुणकानं गुणतात. एकूण 320, त्यात 256 पासून वर उत्कृष्ट, 224 पासून अतिशय चांगला, 192 पासून चांगला. म्हणजे तिथं श्रेणी वेगळी, नंबर वेगळा.

नवख्यानं नंबरापेक्षा ठरलेल्या गुणांशी मोजणारी रीत निवडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या भागात एखाद्या वर्गात तीनच कुत्री आली, तर तिसरा नंबर आला तरी त्यातून काही कळत नाही. 200 पैकी 178 म्हटलं, की आपण कुठं आहोत ते नेमकं समजतं. अमेरिकन नियमांत तर पात्र न ठरलेल्या कुत्र्याला नंबरच देत नाहीत. सगळेच नापास झाले, तर पहिला नंबर कुणालाच नाही. ही कडक शिस्त मला फार पटते.

आता वर्ग. तिन्ही रीतींत नावं वेगळी असली तरी चढण सारखीच आहे, म्हणून अमेरिकन वर्ग घेऊन सांगतो.

नोव्हिसमध्ये पट्ट्यावर आणि पट्ट्याशिवाय बाजूनं चालणं, उभं राहून परक्याला हात लावू देणं, हाकेला येणं आणि सांगितल्या जागी थांबणं एवढंच असतं. ऐकायला सोपं वाटतं, पण इथंच बहुतेकांचे गुण गळतात. इंग्रजी आठच्या आकड्यात चालायचा प्रकार बघा. रिंगमधले दोन मदतनीस साधारण आठ फुटांवर उभे असतात आणि त्यांच्याभोवती आपण एकाच चालीनं फिरायचं. कुत्रा वळणाच्या आतल्या बाजूला आला की त्यानं पावलं आखडायची, बाहेरच्या बाजूला गेला की लांब टाकायची. आपण मात्र वेग बदलायचा नाही. आतल्या वळणावर कुत्रा पुढं झेपावला, बाहेरच्यावर मागं रेंगाळला किंवा पट्टा ताणला, की जज गुण कापतो. थांबल्यावर तो जरा तिरका बसला तरी अर्धा गुण जातो. मैदानात दोन विटा ठेवून रोज पाच मिनिटं हेच करा. बाकीचं निम्मं आपोआप सुधारतं.

ओपन वर्गात सगळं पट्ट्याशिवाय. धावत येणाऱ्या कुत्र्याला मधेच झोपवायचं, डंबेल (दोन्ही टोकांना जाड असलेला छोटा दांडका) आणवायचं, तेच अडथळ्यावरनं उडी मारून पलीकडनं आणवायचं, लांब उडी घ्यायला लावायची. युटिलिटी त्याच्याही पुढची पायरी: तोंडातून शब्द न काढता फक्त हाताच्या खुणांवर काम करणं, आणि सारख्या दिसणाऱ्या वस्तूंच्या ढिगातून मालकाच्या हाताचा वास लागलेली वस्तू हुंगून आणणं. हे वर्ग बघायला आवर्जून जा. तिथं उतरायचं मात्र आधीच्या वर्गाची पदवी हातात पडल्यावर.

अमेरिकन नोव्हिसमध्ये ए आणि बी अशी आणखी एक फोड असते. वरच्या ब्रिटिश ए, बी वर्गांशी तिचा संबंध नाही. ज्यानं आजवर कुठल्याही कुत्र्याला पदवी मिळवून दिली नाही, त्याच्यासाठी ए. अनुभवी हँडलर (कुत्र्याला रिंगमध्ये चालवणारे) आणि दुसऱ्यांची कुत्री आणणारे प्रशिक्षक बी मध्ये. परीक्षा दोन्हीकडं तीच आणि पदवीही तीच. फरक एवढाच, की नंबर कुणाच्या तुलनेत लागणार. कुत्रा प्रशिक्षकाच्या हाती देऊन बी मध्ये पाठवायचा, की स्वतः ए मध्ये उतरायचं? मी बिनधास्त सांगेन, स्वतः उतरा. ही जोडीची परीक्षा आहे. कुत्रा दुसऱ्याचं ऐकतो, यात तुमच्या घराला काय मिळणार?

कारवानी पाळणाऱ्यांशी थोडं वेगळं बोलायला हवं. ही जात नजरेवर चालते. लांबवर काही हललं की कान बंद. शिवाय परक्याचा हात अंगावर त्याला आवडत नाही. जातीच्या प्रदर्शनात जज दातही बघतो आणि सगळं अंग चाचपतो. नोव्हिसमध्ये तो डोक्याला, पाठीला आणि मागच्या भागाला हलका हात लावून बाजूला होतो, पण तेवढ्यात कुत्र्यानं पाय हलवायचा नाही, मागं सरायचं नाही. म्हणून कारवानीसाठी चालण्याआधी या एका प्रकारावर मेहनत घ्या: रोज वेगळा माणूस, एक स्पर्श आणि लगेच खाऊ. बारीक चणीच्या या कुत्र्याला कडक जमिनीवर पटकन बसणंही जड जातं, तेव्हा गवतावर शिकवा. लॅब्रॉडॉर किंवा जर्मन शेफर्डवाल्यांना या दोन्ही अडचणी कमी. त्यांचा कुत्रा सहा-आठ महिन्यांच्या नियमित सरावावर नोव्हिसला उभा राहू शकतो. कारवानीला वर्ष द्या. सशामागं सोडणं वन्यजीव कायद्यानं बंद आहे, आणि या बुद्धिमान जातीला दुसरं काम मिळायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

बक्षिसांत फसगत रिबिनींची होते. अमेरिकेत पहिल्या चारांना निळी, लाल, पिवळी, पांढरी, आणि पात्र ठरलेल्याला हिरवी. भिंतीवर निळी शोभते. पण तीन हिरव्या आल्या तर नावापुढं पदवी लागते, ती कायमची. त्यावरचं हाय इन ट्रायल म्हणजे त्या दिवशीच्या नियमित वर्गांतला सर्वाधिक गुणांचा कुत्रा. तो कुठल्या वर्गातला हे बघत नाहीत, त्यामुळं नोव्हिसवालाही तो पटकावू शकतो.

स्पर्धा थंडीतली धरा. मार्चनंतर आपल्याकडं सकाळी नऊलाच मैदान तापतं आणि पंजे भाजतात. लसीकरणाचं कार्ड बरोबर ठेवा. अमेरिकन नियमांत माजावर आलेल्या कुत्रीला रिंगमध्ये घेत नाहीत, तेव्हा कुत्री असेल तर फी भरण्याआधीच आयोजकाला हे विचारा. निकाल लागला की नुसती बेरीज ऐकून परत फिरू नका. प्रत्येक प्रकाराचे कापलेले गुण उतरवून घ्या आणि जज मोकळा झाला की कुठं काय चुकलं ते नम्रपणे विचारा. पुढच्या महिन्याचा सराव त्याच कागदावरून लावता येतो.