एक नाटक, दोन चित्रपट

ऑस्कर वाइल्डच्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' या 1895 च्या प्रहसनावरील दोन चित्रपटांपैकी कोणता पाहावा, याचे उत्तर प्रेक्षक नाटकाकडून काय अपेक्षितो यावर ठरते. अँथनी अ‍ॅस्क्विथ यांचा 1952 चा चित्रपट पडदा वर जाण्यापासून सुरू होतो आणि आपण नाट्यगृहातच बसलो आहोत हे लपवत नाही. कॅमेरा फारसा हलत नाही. पण इडिथ इव्हान्सची लेडी ब्रॅकनेल, म्हणजे नायिका ग्वेंडोलेनची आई, मुलीला मागणी घालणारा जॅक तान्हेपणी प्रवासी बॅगेत सापडल्याचे ऐकून 'हँडबॅग?' हा एकच शब्द ज्या ताणाने उच्चारते, तिथे उच्चभ्रू समाजाचा सारा अहंकार उघडा पडतो.

ऑलिव्हर पार्कर यांनी 2002 मध्ये कथा दिवाणखान्याबाहेर नेली, जॅकचा मित्र अल्गर्नन याला गरम हवेच्या फुग्यातून उतरवले आणि ग्वेंडोलेनला चक्क गोंदवून घ्यायला लावले. देखावे सुंदर आहेत, गतीही आहे. मात्र वाइल्डचा विनोद वाक्याच्या तोलात असल्याने धावपळीत तो निसटतो. इथली लेडी ब्रॅकनेल, जुडी डेंच, इव्हान्सच्या त्या गाजलेल्या उच्चाराची नक्कल करत नाही, हे तिचे शहाणपण.

नागपुरात धनवटे रंगमंदिरात किंवा वसंतराव देशपांडे सभागृहात शब्दप्रधान नाटके ऐकत वाढलेल्या रसिकाला जुना चित्रपट अधिक जवळचा वाटेल, असे माझे मत आहे. इंग्रजी संवादांची सवय नसलेल्या तरुणाने मात्र नव्यापासून सुरुवात करावी, कारण त्यात प्रसंग डोळ्यांनीही समजतो.